हार्ड पाण्यात नळ किती टिकेल? फिरवून नाही, वाळवून बघा

वाचकाचं पत्र:
"ताई, नवीन घर होत आलंय, एकूण अकरा नळ बसवायचेत. पाणी बोअरचं आहे आणि चांगलंच हार्ड आहे. आत्ताच्या घरातही तेच पाणी, आणि इथल्या नळांकडे बघवत नाही, दोन वर्षांत हँडल घट्ट झाली, जाळीतून धार वाकडी येते, गरम पाण्याचा नळ तर बंद करूनही टपकत राहतो. दुकानदार म्हणतो हा नळ ५ लाख वेळा उघड-बंद करून टेस्ट केलाय, डोळे झाकून घ्या. मिस्टर म्हणतात एक नळ आणून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू, टिकला तर बाकीचे घेऊ. माझ्या हातात दोन-अडीच महिने आहेत. घरच्या घरी नळाची खरी परीक्षा घेता येते का? आणि शेवटी पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवणारच असू तर हा खटाटोप करायचा तरी का?"

उत्तर:

खटाटोप करा, नक्की करा. वेळ हातात आहे तर अकराच्या अकरा नळ एकदम उचलू नका. हार्ड पाण्यात कुठला नळ तग धरेल हे घरी बऱ्यापैकी कळतं, फक्त ते हँडल हजारदा फिरवून कळत नाही. नळ ओला करायचा, वाळू द्यायचा, परत ओला करायचा, परत वाळू द्यायचा आणि मग साफ करून बघायचं की तो पहिल्यासारखा चालतोय का, त्यातून कळतं.

आधी त्या ५ लाखांचं बघू. आकडा हवेतला नाहीये. अमेरिका-कॅनडात नळांचं एक स्टँडर्ड आहे, एएसएमई ए११२.१८.१ / सीएसए बी१२५.१, त्यात किचन आणि बेसिनचे नळ ५,००,००० वेळा चालवून बघतात. युरोपच्या ईएन ८१७ या स्टँडर्डमध्ये सिंगल लिव्हर मिक्सरला (एकाच दांडीने गरम-गार पाणी सोडणारा नळ) ७०,००० सायकल आहेत, एक सायकल म्हणजे एकदा उघडून बंद. दोन्हीकडे टेस्टची पद्धत वेगळी आहे त्यामुळे एकाला दुसऱ्याच्या सातपट चांगलं म्हणू नका. आता तुमच्या घरात एक नळ दिवसाला १०० वेळा उघडतो असं धरलं तर वर्षाला ३६,५०० होतात, म्हणजे ५ लाख व्हायला जवळपास पावणेचौदा वर्षं लागायला हवीत, मग तुमचे नळ दोन वर्षांत का गेले?

कारण मशीन थांबत नाही. समजा मिनिटाला १० वेळा नळ चालवला, तर ५ लाख सायकल साधारण ३५ दिवसांत उरकतात, आणि त्या ३५ दिवसांत नळ वाळतच नाही, रात्रभर बंद पडून राहतच नाही. ती टेस्ट झीज बघते, डिस्क घासून किती उरली, सील किती दमलं, लिव्हर ढिली झाली का. ते बघायलाच हवं आणि त्यात नापास झालेला नळ घेऊच नये, पण हार्ड पाणी नळाला वापरात असताना कमी त्रास देतं आणि नुसता पडून असताना जास्त देतं. पुरावा तुमच्याच घरात मिळेल बघा. ज्या बाथरूममध्ये फारसं कोणी जात नाही तिथला नळ, किंवा बेसिनखालचा अँगल कॉक ज्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही, तो आत्ता फिरवून बघा. बहुतेक तोच सगळ्यात आधी जाम झालेला असेल, आणि त्याची उघड-बंद तर सगळ्यात कमी झालेली आहे!

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढची टेस्ट कशासाठी आहे ते कळेल. हार्ड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, बऱ्याचदा बायकार्बोनेटच्या रूपात. पाणी तापलं किंवा हवेत उडून गेलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं, तोच तो पांढरा टणक थर. आणि मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते तसं याचं नाही, याचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितकं कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं. म्हणूनच कदाचित तुमच्याकडे गरम पाण्याचा नळ टपकत असेल, त्यात नळाचा दोष किती आणि गरम पाण्याचा किती हे वेगळं करता येत नाही, पण टेस्ट गरम बाजूला करायला हवी एवढं मात्र त्यातून कळतं.

वाळण्याचा हिशोब पण बघा. हार्डनेस लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे असं धरा. नळ बंद केल्यावर जाळीला एक थेंब लटकून राहिला, ०.०५ मिलिलिटरचा, तर तो वाळल्यावर मागे उरतात ०.०१५ मिलिग्रॅम क्षार, डोळ्याला दिसणार पण नाहीत. पण दिवसातून १० वेळा असं झालं तर वर्षाला ५५ मिलिग्रॅम, तेही एकाच जागच्या एकाच थेंबाचे, आणि जाळीला लटकणारे थेंब कितीतरी असतात. जाळीची छिद्रं एवढीशी, त्यामुळे धार वाकडी व्हायला वेळ लागत नाही.

आतमध्ये काय होतं ते जास्त महत्त्वाचं, आणि तिथेच लोकांचा गैरसमज असतो. आजकालच्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये (हँडलखालचा, पाणी उघड-बंद करणारा सुटा भाग) सिरॅमिकच्या दोन डिस्क एकमेकींवर सरकतात, त्या बहुतेक ॲल्युमिनाच्या. कडकपणाच्या मोह्स स्केलवर ॲल्युमिना ९ आणि कॅल्शियम कार्बोनेटचा खडा ३, म्हणजे क्षार त्या डिस्कला ओरखडा पाडू शकत नाही. डिस्क जात नाही, तिच्या आजूबाजूचं सगळं जातं. कंपनीने लावलेलं ग्रीस हळूहळू धुतलं जातं, डिस्कच्या कडेला आणि स्पिंडलभोवती, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या दांड्याभोवती, थर चढतो, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी गोल रिंग) त्या खरखरीत थरावर घासून फाटते, हँडल घट्ट झालं की आपण जोर लावतो, आणि जोराने शेवटी प्लास्टिकचा दांडा तुटतो. म्हणजे "डिस्क सिरॅमिकची आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, ती तर बहुतेक सगळ्यांचीच असते.

टेस्ट सुरू करायच्या आधी एक फुकटचं काम करा, जुना टपकणारा नळ खोला (अँगल कॉक बंद करून!) आणि कार्ट्रिज बाहेर काढून बघा. पांढरा थर कुठे आहे, ओ-रिंग फाटलीय का, की वाळूचे कण आहेत? वाळूचं वेगळं सांगते कारण वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्सवर ७, क्षारापेक्षा कितीतरी कडक, आणि नवीन घराच्या पाइपलाइनमध्ये वाळू, सिमेंट, पाइप कापल्याचा भुसा हमखास असतो. नळ लावण्याआधी लाइन उघडी सोडून चांगली धुवून घ्यायचीच, नाहीतर पहिल्या आठवड्यात अडकलेल्या खड्याचं बिल हार्ड पाण्याच्या नावावर फाटतं.

आता पाणी मोजा. टीडीएस मीटरने नाही, तो पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून एक अंदाज देतो, त्यात हार्डनेस किती हे वेगळं कळत नाही. हार्डनेसचं थेंबांचं किट मिळतं, पाण्यात रंग टाकायचा आणि लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजत जायचे. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० हार्ड आणि १८० च्या वर खूपच हार्ड, असे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे गट आहेत. मग तेच पाणी थोडा वेळ उकळा, गार करा, गाळा आणि परत मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गरम केल्यावर थर धरणारा भाग. हा फरक मोठा असेल तर गरम बाजूचे नळ निवडताना जास्त चिकित्सा करा.

इथेच एक सांगून ठेवते, "पाणी आटवून अजून हार्ड करू आणि त्यात नळ ठेवू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. उकळल्यावर थर भांड्यात बसतो आणि उरलेलं पाणी बऱ्याचदा उलट मऊ होतं. मिठाचं पाणी करून त्यात ठेवणंही नको, मिठाने गंज आणि प्लेटिंग कळतं, कंपन्या त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याची वेगळी टेस्ट करतातच, क्षाराशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला रोजचंच पाणी वापरायचंय, फक्त वाळण्याच्या वेळा वाढवायच्यात.

दोन किंवा तीन मॉडेल निवडा, प्रत्येकी एकच नग घ्या, आणि सोबत प्रत्येकाचं एक सुटं कार्ट्रिज मागा. सुटं कार्ट्रिज मिळत नाही असं उत्तर आलं तर ते मॉडेल तिथेच बाद करा, पुढची टेस्ट करायची गरजच नाही. हार्ड पाण्यात कार्ट्रिज कधी ना कधी बदलावं लागणारच, आणि ते मिळत नसेल तर सगळा नळ फेकावा लागतो. नळ आत्ताच्याच घरात लावा, गरम पाणी येतं तिथे, आणि जिथे जास्त वापर आहे तिथे.

पहिल्या दिवशीची मापं वहीत लिहा. बादलीत ५ लिटरवर खूण करा आणि नळ पूर्ण उघडून किती सेकंदांत भरते ते बघा, एकदा जाळी लावून आणि एकदा जाळी काढून. पाण्याचा दाब टाकी किती भरलीय त्यावर बदलतो, तेव्हा दर वेळी टाकी भरलेली असतानाच मोजा नाहीतर आकडे काहीच्या काही येतील. मग हँडलचा जोर, त्यासाठी बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा लिव्हरच्या टोकाला अडकवा, हळू ओढा आणि लिव्हर हलायला लागते तेव्हा किती ग्रॅम दिसतात ते लिहा, चार-पाच वेळा करून सरासरी काढा. रात्री नळाखाली कोरडा ग्लास ठेवून झोपा, सकाळी किती मिलिलिटर साठलं बघा. आणि एक फोटो, नेहमी त्याच उजेडात.

त्यानंतर घरच्यांना नेहमीसारखा वापरू द्या, आणि वर तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा स्प्रे बाटलीने त्याच पाण्याचा फवारा नळावर आणि जाळीवर मारा आणि पुसू नका, वाळू द्या, पंखा लावला तर लवकर वाळेल. सुटं कार्ट्रिज आहे ना, त्याची तर अजून कडक परीक्षा घेता येते, कोमट बोअरच्या पाण्यात बुडवून पाण्यातच दोन-चार वेळा फिरवायचं म्हणजे पाणी आत जातं, झटकून अर्धवट उघडं ठेवून वाळवायचं, परत बुडवायचं, असं दिवसातून जमेल तितकं. आणि टेस्टच्या नळांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने तीन-चार दिवस पूर्ण सुट्टी द्या, कोणी हात लावायचा नाही, आणि मग काटा अडकवून पहिल्याच ओढीला किती ग्रॅम लागतात ते लिहा. पहिली ओढ, दुसरी नाही. एकदा हलला की थर मोडतो आणि नळ मोकळा वाटायला लागतो. तुमच्या अख्ख्या टेस्टमध्ये सगळ्यात बोलका आकडा हाच आहे.

आठवड्याला एकदा मापं घ्या. सहा-सात आठवड्यांनी चित्र दिसायला लागतं. जाळी लावून धार कमी झाली पण जाळी काढल्यावर पहिल्याइतकीच येतेय, तर नळ ठणठणीत आहे, फक्त जाळी भरलीय, ते चालणारच. जाळी काढूनही बादली उशिरा भरतेय तर आत काहीतरी बसतंय, आधी नळात पाणी शिरतं तिथली गाळणी बघा, ती साफ असेल तर कार्ट्रिज. हँडलचा जोर एकदा थोडा वाढून तिथेच थांबला तर हरकत नाही, दर आठवड्याला चढतच असेल तर मी ते मॉडेल घेणार नाही, दिसायला कितीही देखणं असलं तरी.

पण निकाल अजून लावू नका, आता साफसफाई, आणि माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. थर तर सगळ्याच नळांवर धरणार, पाणीच तसं आहे, प्रश्न हा आहे की काढल्यावर नळ परत येतो का. जाळी हाताने निघते का? लपवलेली जाळी असेल तर तिची चावी बॉक्समध्ये आहे का? व्हिनेगरमध्ये किंवा ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून जाळी अर्धा तास ठेवा, ब्रशने घासा, धुवा, लावा. कार्ट्रिज काढून बघा, पाना लावून पाच-दहा मिनिटांत निघतं की प्लंबरला पण घाम फुटतो? त्याच्या प्लास्टिकवर आणि कडांवर बसलेला थर पुसून घ्या, रबराला सिलिकॉन ग्रीस लावा (व्हॅसलीन किंवा साधं ग्रीस नको, बऱ्याच ओ-रिंग ईपीडीएम रबराच्या असतात आणि त्या पेट्रोलियमने फुगतात). सगळं बसवून परत मापं घ्या. आकडे पहिल्या दिवसाच्या जवळ आले तर तो नळ पास. साफ करूनही जोर कमी होत नाही, टपकणं थांबत नाही, तर नापास. दोन महिन्यांची टेस्ट दहा वर्षांची खात्री देत नाही, पण जो नळ दोन महिन्यांतच साफ करून ताळ्यावर येत नाही तो पुढे काय येणार.

मिस्टरांच्या व्हिनेगरबद्दल. रात्रभर बुडवणं नको. व्हिनेगर क्षार विरघळवतं, क्षार धरवत नाही, म्हणजे त्यातून हार्ड पाण्याबद्दल काहीच कळणार नाही. उलट क्रोमच्या थराला कुठे बारीक छिद्र किंवा कच्ची कड असेल तर तिथून आम्ल आतल्या धातूपर्यंत जाऊन चांगला नळ खराब करेल, आणि ज्याचं कार्ट्रिज फालतू आहे असा नळ चकचकीत होऊन बाहेर येईल. व्हिनेगरचं काम साफसफाईपुरतं, नळाच्या बॉडीवर लावलंच तर दहा-पंधरा मिनिटं आणि मग भरपूर पाण्याने धुणं. टॉयलेट क्लीनर नळाला अजिबात लावू नका, त्यात बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, प्लेटिंग जातं. कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आणि ओटा किंवा बेसिन संगमरवरी असेल तर व्हिनेगरचा थेंबही पडू देऊ नका, संगमरवर म्हणजे पण कॅल्शियम कार्बोनेटच, तोही विरघळतो.

बॉडी कशाची घ्यावी असं तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचारालच. नुसता हार्डनेस पितळेचा मोठा शत्रू नाही. पितळेतलं जस्त हळूहळू सुटून जायचा धोका जास्त क्लोराइडच्या, म्हणजे चवीला खारट पाण्यात असतो, त्यातही बायकार्बोनेट कमी असेल तेव्हा. तुमचं बोअर खारटही असेल तर डीझेडआर पितळ (ज्यातलं जस्त सहज सुटत नाही असं) आहे का ते विचारा, नाहीतर साधं चांगलं पितळ पुरे. मॅट काळे नळ दिसतात छान, पण प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग त्यावर उठून दिसतो, गुळगुळीत क्रोम एका पुसण्यात साफ होतं. धुण्याच्या जागी किंवा बाहेर मी अजूनही रबरी वॉशरवाला साधा नळ लावेन, त्याचा वॉशर लवकर जातो हे खरं पण तो घरचं कोणीही बदलू शकतं.

सॉफ्टनर बसवलात तर थराचा प्रश्न खूपच कमी होईल, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. पण बरेच लोक पिण्याची आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच काढतात, म्हणजे ते नळ हार्ड पाण्यावरच राहतात, आणि सॉफ्टनरमधलं मीठ संपलं आणि लक्षात आलं नाही तर बाकीच्या नळांतही हार्ड पाणीच येतं. त्यामुळे सॉफ्टनर घेतला तरी टेस्टमध्ये पास झालेलेच नळ घ्या.

आणि ऑर्डर देताना अकराही नळांत जितक्या ठिकाणी जमेल तितक्या ठिकाणी एकाच मापाचं कार्ट्रिज येईल असं बघा, सिंगल लिव्हरमध्ये ३५ आणि ४० मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत, पण माप सारखं असलं तरी खालचे खुंट आणि वरचा दांडा जुळतो का ते समोरासमोर धरून तपासा. दोन सुटी कार्ट्रिज आणि मूठभर ओ-रिंग त्याच बिलात घ्या, मॉडेलचं नाव आणि माप सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि अँगल कॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून उघडत जा, म्हणजे कार्ट्रिज बदलायची वेळ येईल तेव्हा पाणी तिथल्या तिथे बंद करता येईल, अख्ख्या घराची टाकी बंद करावी लागणार नाही.